पाणी एकच, टाक्या वेगळ्या

कर्जतच्या भिसेगावात राहून मासे पाळतो म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, ‘रोहू की कटला?’ काचेच्या टाकीत बोटभर मासे ठेवायचे, ते खायचे नाहीत, वर त्यांच्या पाण्याची महिन्याला तपासणी करायची, हे ऐकल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्याची आता सवय झाली आहे. अशा चेहऱ्यांना कंटाळलेल्या माणसांचाच आमचा क्लब आहे. कर्जत, नेरळ, वांगणी आणि खोपोलीकडचे मिळून आम्ही डझनभर लोक. बोर्ड नाही, नोंदणी नाही, अध्यक्ष तर अजिबात नाही. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं. ज्याच्या घरी बैठक, त्याने चहा आणि वडापाव द्यायचा. बाकीच्यांनी त्याच्या टाकीत नाक खुपसून दोष काढायचे. क्लबात येऊ का, काय फायदा, असं नवे लोक विचारतात. त्यांच्यासाठी हे चार शब्द. मोजले तर नऊ भरतील.

१. मासा नंतर, आधी पाणी विचारा.

माशांची माहिती कुठेही मिळते. तुमच्या नळाची माहिती मात्र त्याच नळाचं पाणी वापरणाऱ्यालाच असते. क्लबात जायचं पहिलं कारण मला विचाराल तर हेच.

नव्या माणसाला आमच्याकडे पहिल्या बैठकीला एकच गोष्ट आणायला सांगतात: घरच्या पाण्याची बाटली. टेबलावर बाटल्या ओळीने लागतात. मुद्रे, दहिवली, गुंडगे, भिसेगाव, कुणाच्या तरी शेतावरची बोअर, कुणी पिंपात साठवलेलं पावसाचं पाणी. प्रत्येकातलं थोडं पाणी काचेच्या बारीक नळीत घ्यायचं, पीएचच्या औषधाचे मोजून थेंब टाकायचे, बूच लावून हलवायचं आणि पांढऱ्या कागदासमोर धरायचं. पावसाचं पाणी पिवळट होतं, नळाचं पोपटी राहतं, आणि बोअरचं असं निळंशार होतं की बघणाऱ्याला शाईचा थेंब पडल्यासारखं वाटावं. पाहुणा आपल्या नळीकडे बघतो, मग शेजारच्याच्या नळीकडे बघतो, आणि बडोद्याच्या मावसभावाने फोनवरून दिलेला सगळा सल्ला तिथेच गळून पडतो.

सह्याद्रीच्या काळ्या कातळातून येणारं बोअरचं पाणी बहुधा जड असतं. मोलींना ते मानवतं, गप्पींना चालतं. ॲमेझॉनच्या मऊ, आंबूस पाण्यातला निऑन टेट्रा त्यात तगला तरी खुलत नाही. शिवाय अमोनियाचा विषारी भाग पीएच ७ च्या मानाने ८ वर साधारण दसपट होतो. म्हणजे तेवढीच घाण दहिवलीच्या टाकीत निभावून जाईल आणि बोअरवाल्याचे मासे सकाळी उलटे तरंगतील.

आणखी एक गंमत. कर्जतची पेज नदी भर मेमध्येही वाहती दिसते, कारण ठोकरवाडी धरणाचं पाणी टाटांच्या भिवपुरी वीजघरातून उतरून तिला मिळतं. हे वीजघर १९२२ पासूनचं. ठोकरवाडी आंध्रा नदीवर, आंध्रा इंद्रायणीची, इंद्रायणी भीमेची. म्हणजे जे पाणी पार बंगालच्या उपसागराला जायचं ते घाट उतरून आमच्याकडे येतं. आमच्यातले रेल्वेतून निवृत्त झालेले काका हे दर नव्या माणसाला सांगतात. याचा टाकीशी काय संबंध, असं विचारलं की म्हणतात, ‘संबंध नाही. पण माहीत असावं.’

२. टाकी आणि मासे एकाच दिवशी आणू नका.

दुकानदार देतो, म्हणून आणायचे नाहीत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ विषारी, तिसरा त्यामानाने गरीब. हे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीतले मासे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पटापट जातात ते याच काळात, आणि माणूस म्हणतो, मासेच खराब निघाले.

हा काळ कमी करायचा खात्रीचा उपाय बाटलीत मिळत नाही, क्लबात मिळतो. जुन्या, निरोगी टाकीतला मळकट, तपकिरी, हाताला बुळबुळीत लागणारा स्पंज. विरजणासारखा तो नव्या फिल्टरमध्ये घालायचा. घरी नेताना ओला राहील एवढं बघायचं आणि नळाखाली मुळीच धुवायचा नाही. क्लोरीनने त्यातला सगळा जीव जातो. आमच्याकडे नव्या सभासदाला पुष्पगुच्छ म्हणून हाच मिळतो. एका वहिनींनी तो बघून नवऱ्याला विचारलं होतं, ‘हे घ्यायला तुम्ही नेरळला गेला होता?’

३. बैठकीची सुरुवात मेलेल्या माशांपासून व्हावी.

आमच्या क्लबातली मला सर्वांत आवडणारी प्रथा हीच. चहा यायच्या आधी प्रत्येकाने सांगायचं, गेल्या महिन्यात काय मेलं. सुंदर टाक्यांचे फोटो सगळेच दाखवतात. त्यातून शिकायला फारसं मिळत नाही. ‘तीन एंजल गेले, आधी कल्ले लाल झाले होते, पाणी बदललं त्याच्या दुसऱ्या दिवशी’ असं कुणी म्हणालं की सगळे कान टवकारतात. पाणी कुठलं? किती बदललं? क्लोरीन मारणारं औषध घातलं होतं का? गच्चीवरची टाकी नुकतीच धुतली होती का, आणि कशाने? पाच मिनिटांत कारण सापडतं. नाही सापडलं तर निदान आपल्याच आळीत दुसऱ्या कुणाचे मासे त्याच दिवशी गेले का, हे तरी कळतं. दोन घरी एकाच दिवशी मासे गेले तर दोष माशांचा नसतो, नळाचा असतो, हे एकट्याने टाकीसमोर बसून कधीच कळणार नाही.

घराघरात एक समजूत आहे, मासा मेला म्हणजे घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं. एकदा बैठकीत कुणी हे म्हणालं, तर काकांनी चष्मा वर करून विचारलं, ‘संकट कसलं? अमोनिया मोजलास का?’ तेव्हापासून कुठल्याही मृत्यूला आमच्यात संकट म्हणतात आणि कारण विचारतात.

वास्तूसाठी अरोवाना किंवा फ्लॉवरहॉर्न घेणाऱ्यांविषयी माझं मत कडवट आहे. फ्लॉवरहॉर्न हा १९९० च्या दशकात मलेशियात संकरातून तयार केलेला मासा. त्याच्या कपाळावरचं टेंगूळ जितकं मोठं तितकं नशीब जोरात म्हणे. अरोवाना वाढून दोन-अडीच फूट होतो, आणि त्याला तीन फुटी टाकीत ठेवून लोक भरभराटीची वाट बघत बसतात. त्याला धड वळताही येत नाही. आमच्यात दोघे फ्लॉवरहॉर्नवाले आहेत, माणसं सज्जन आहेत, आमचं दर बैठकीत भांडण होतं आणि ते होतच राहणार.

४. इथे हीटरपेक्षा पंखा कामाचा.

पुस्तकं थंड देशांत लिहिली जातात आणि त्यात हीटरवर मोठं प्रकरण असतं. कर्जतला डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तो लागतो, नाही असं नाही. पण आपला खरा वैरी एप्रिल. पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या घरात टाकीचं पाणी बत्तीस-तेहतीसवर जातं. पाणी जितकं गरम तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. त्यात उष्म्याने माशांची भूक आणि श्वास दोन्ही वाढलेले. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले की ते भुकेले नाहीत, गुदमरताहेत. तेव्हा खायला टाकणं म्हणजे आगीत तेल.

आमचे उपाय साधे आहेत. झाकण काढून वर जाळी, आणि टेबलफॅन पाण्याच्या पृष्ठभागावरून वाहील असा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. बर्फ टाकायचा नाही, तापमान एकदम पडलं की मासा आजारी पडलाच. आणि पाणी बदलायचं ते सकाळी सहा-सातला. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी दोनला नळातून येतं तेव्हा त्यात हात धरवत नाही. ते बादलीने थेट फिश टँकमध्ये ओतणारे लोक मी पाहिले आहेत. बारावी सायन्सवाले.

५. वीज जाणार हे धरूनच टाकी लावा.

पहिल्या वळवाला फांदी तारेवर पडली की इथे वीज जाते. ती कधी येईल ते विचारायचं नाही. एअर पंप बंद पडला की गर्दीच्या टाकीतले मासे आधी जातात, म्हणून मुळात गर्दी करू नये. सेलवर चालणारा छोटा पंप प्रत्येकाकडे असावा. तोही नसेल तर तांब्या आहे: टाकीतलंच पाणी तांब्याने घ्यायचं आणि हातभर वरून धार धरायची, दर पंधरा मिनिटांनी काही वेळ. घरातली शाळकरी पोरं हे काम आनंदाने करतात. बंद डब्याचा फिल्टर तासन्‌तास बंद राहिला तर आतले जिवाणू प्राणवायूवाचून मरतात आणि कुजकट वास येतो. वीज आल्यावर तो तसाच सुरू केला तर ती सगळी घाण टाकीत येते. आधी आतलं पाणी फेकायचं, टाकीच्याच पाण्यात हलका खंगाळायचा, मग सुरू करायचा.

कर्जतचा पावसाळा म्हणजे तीन हजार मिलिमीटरच्या वरचा कारभार. त्या दिवसांत नळाला गढूळ पाणी येतं आणि क्लोरीनही जास्त असतो. पाणी पिंपात भरून दिवसभर उघडं ठेवा, औषध घाला, आणि पाव टाकीपेक्षा जास्त पाणी एका वेळी बदलू नका.

६. कुर्ल्याहून मासे आणताना गाडीचा बोर्ड वाचा.

कुर्ल्याचा माशांचा बाजार हे आमचं पंढरपूर. तिथून कर्जत लोकलला दीड-दोन तास. पिशवीत एक तृतीयांश पाणी, बाकी प्राणवायू, रबर घट्ट, वर वर्तमानपत्राचा थर, आणि सगळं कापडी पिशवीत. अंधारात मासा शांत राहतो. आमच्यातला वांगणीचा एक दादा घाईत कसारा गाडीत चढला. कल्याणनंतर गाडी वळली, आणि डिस्कस माशांची जोडी शहाडपर्यंत फिरून आली. जगली मात्र.

पण खरा धोका घरी पोचल्यावर असतो, आणि हे मला क्लबात येईपर्यंत कुठल्याही दुकानदाराने सांगितलं नव्हतं. बंद पिशवीत माशाने सोडलेला अमोनिया साठतो, पण त्याच्याच श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने पाण्याचा पीएच उतरतो, त्यामुळे तो अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया विष होतो. तेव्हा बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, तापमान जुळू द्या. एकदा उघडली की रेंगाळू नका. मासे जाळीने उचला, नव्या पाण्यात सोडा आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओता. हे नवं पाणीही आधी वेगळ्या छोट्या टाकीतलं असावं. दोन-तीन आठवडे पाहुण्यांना बाजूला ठेवल्याशिवाय मुख्य टाकीत घेऊ नये. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असाच पाहुण्यांबरोबर येतो. त्याचा परजीवी माशाच्या अंगावर असेतो औषधाला दाद देत नाही, पाण्यात मोकळा फिरतो तेवढ्याच काळात मरतो. म्हणून ठिपके गेले तरी औषध लगेच थांबवायचं नाही.

७. गप्पीवाल्याला हसू नका.

आपल्याकडे गप्पी मासे दुकानातून नाही, सरकारी आरोग्य खात्याकडून माहीत झाले. गावात मलेरियाची माणसं येतात, विहिरीत, हौदात मूठभर गप्पी सोडून जातात. ते डासांच्या अळ्या खातात. भारतात हा मासा विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच याच कामासाठी आणला गेला. त्याच कामाचा दुसरा गडी, गंबुसिया, १९२८ मध्ये इटलीहून आला. त्रिनिदादमधल्या रॉबर्ट जॉन लेचमीर गपी नावाच्या गृहस्थांनी गप्पीचे नमुने लंडनला ब्रिटिश म्युझियमकडे पाठवले, तिथे १८६६ मध्ये त्यांचं नाव माशाला मिळालं. जर्मन शास्त्रज्ञ पेटर्स यांनी १८५९ मध्येच त्याचं वर्णन करून ठेवलं होतं, म्हणून शास्त्रीय नाव त्यांनी दिलेलं राहिलं आणि जगाच्या तोंडी मात्र गपींचं बसलं.

फुकट मिळतो म्हणून या माशाला किंमत नाही. पण आमच्यातल्या गुंडग्याच्या ताई फक्त गप्पी वाढवतात, आणि क्लबात सर्वांत नेमकं ज्ञान त्यांचं आहे. मादी महिन्याभराने पिलं देते, एकदा नराशी संग झाला की पुढचे काही महिने नराशिवायही देत राहते. म्हणून एखादी ठेवण जपायची तर माद्या लहान असतानाच वेगळ्या काढाव्या लागतात. ताईंच्या पडवीत थर्मोकोलचे खोके ओळीने मांडलेले आहेत, प्रत्येकावर खडूने तारीख. सकाळी डब्याच्या कामातून उसंत मिळाली की त्या चहाच्या गाळणीने पिलं उचलतात, उजेडासमोर धरतात, आणि पोटाखालचा मागचा पर टोकदार होऊ लागला आहे का ते बघतात. टोकदार म्हणजे नर. चष्मा न लावता. आम्ही भिंग घेऊन बसलो तरी आम्हाला ते आठवडाभर उशिरा दिसतं.

त्या आता विकतातही. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्यपालनाच्या युनिटला तीन लाखांचा खर्च धरून अनुदान ठेवलं होतं: सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६०. क्लबाने त्यांच्यासाठी एकच काम केलं, अर्ज भरताना शेजारी बसलो. तीन रविवारचा वडापाव त्यांच्याकडून आला.

८. फुकट घेतलेल्याची परतफेड पैशाने करू नका.

आमच्यात सभासदाने सभासदाला मासा विकायचा नाही. पिलं, पाणवनस्पती, जादा स्पंज, सगळं द्यायचं आणि घ्यायचं. हिशेब कुणी ठेवत नाही, पण सगळ्यांच्या लक्षात असतो. सारखा घेणारा आणि कधीच न देणारा एक इसम होता. त्याला कुणी काही बोललं नाही, फक्त त्याच्या घरी बैठक ठेवली आणि सगळेजण टाक्या बघायला गेले. पुढच्या महिन्यात तो जावा मॉसच्या पाच पुड्या घेऊन आला. दिवाळीत, गणपतीत कोण गावाला जाणार ते आधी सांगून ठेवायचं. जो मागे राहतो तो बाकीच्यांच्या टाक्या बघतो. खाणं मात्र कागदाच्या पुड्यांत, दिवसागणिक बांधून द्यावं. डबा हातात दिला की प्रेमळ शेजारी मासे मारतो.

९. उल्हास नदीत काहीही सोडायचं नाही.

या एका गोष्टीवर क्लबात मतभेद नाही. मासा मोठा झाला, बदली झाली, हौस फिटली, की लोक तो नदीत सोडतात आणि वर म्हणतात, मोकळा केला, पुण्य लागलं. काच साफ ठेवतो म्हणून आणलेला दक्षिण अमेरिकेतला सकर मासा असाच उजनीच्या जलाशयात पोचला. त्याच्या अंगावरच्या काटेरी कवचाने जाळी फाटतात आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. उल्हास इथून नेरळ, बदलापूर, कल्याण करत वसईच्या खाडीला मिळते. भिसेगावात सोडलेला मासा भिसेगावात राहणार नाही. नकोसा झालेला मासा क्लबात आणा. कसला आहे, किती मोठा आहे, का नको आहे, असले प्रश्न न विचारता तो ठेवून घेतला जातो. गप्पीसुद्धा ओढ्यात नको, हौदातच बरे.

हे पटवायला भाषण लागत नाही, वलगण दाखवावी लागते. पहिल्या जोराच्या पावसात नदीतले मासे पाण्याच्या उलट्या धारेने ओढ्यांत, ओढ्यांतून भातखाचरांत चढतात, अंडी घालायला. मुऱ्या, शिंगट्या, वाम. आपल्याकडे तेव्हाच ते पकडायची रीत. पोटात गाभोळी असते, चव वेगळी, मीही खात मोठा झालो. पण ज्यांची पैदास होण्याआधीच आपण ती चुलीवर चढवतो त्यांच्यात परदेशी खादाड माशांची भर घालायची म्हणजे फारच झालं. क्लबातले निम्मे जण आता वलगणीचे मासे खात नाहीत. उरलेले निम्मे खातात, आणि त्या रविवारी बैठक त्यांच्याकडे ठेवत नाही.

आमच्यातला एक कातकरी दादा लहानपणापासून नदीवर. त्याने पहिल्यांदा माझी टाकी बघितली, त्यातला झगमगाट बघितला, आणि विचारलं, ‘यात मुरी का नाही?’ मुरी वाळूत घुसून नुसते डोळे बाहेर ठेवून बसते. दुकानातली टोकदार रंगीत खडी तिच्या अंगाला टोचते, तिला नदीची बारीक वाळूच लागते. ओढ्याकाठी पाण्याच्या वरच्या थरात उभे पट्टे असलेला, डोक्यावर चमकता ठिपका मिरवणारा छोटा मासा असतो. तो डासांच्या अळ्या गप्पीइतक्याच आवडीने खातो आणि इथलाच आहे. मग आम्ही एक टाकी फक्त इथल्या माशांची लावायची ठरवली. मासे पावसाळा संपल्यावर धरायचे, मोजकेच, आणि कुठल्या डोहातून आणले ते वहीत लिहायचं. ती टाकी सध्या काकांच्या ओट्यावर आहे. दादाने वाळू चाळून दिली, ताईंनी स्पंज दिला. शाळेतली पोरं येऊन तासभर बसतात. मुंबईला चौपाटीजवळचं १९५१ सालचं तारापोरवाला मत्स्यालय बघायला आमची शाळा आम्हाला सहलीला न्यायची; यांना सहलीची गरज नाही.

पुढची बैठक माझ्याकडे, भिसेगावात. येताना पाण्याची बाटली आणा, ती नळाची की बोअरची ते तिच्यावर लिहा, आणि महिन्याभरात काय मेलं ते आठवून या. वडापाव आहे.